‘अरे’पासून ‘आपण’पर्यंत

दोन मराठी माणसांचं नातं कसं आहे हे ओळखायचं असेल, तर ती एकमेकांना काय म्हणतात तेवढं ऐकावं. ‘अरे’, ‘तू’, ‘अहो’, ‘तुम्ही’, ‘आपण’ या पायऱ्या चढत गेलं की मान वाढतो, असं आम्ही व्याकरणाच्या तासाला मुलांना शिकवतो. पण व्याकरणाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला नोकरीत शिकायला मिळाली. कधी कधी माणूस आपल्याला वरच्या पायरीवर नेऊन बसवतो, ते आपण त्याच्या दारापासून लांब राहावं म्हणून.

१९९२ साली एम.ए., बी.एड. होऊन मी बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातल्या मराठी हायस्कुलात लागलो. मार्कंडेय नदीच्या अंगाला भातशेती, पावसाळ्यात गळणारी कौलं, लावणीच्या दिवसांत रिकामे पडणारे वर्ग आणि बेळगावहून येणारी, आली तर वेळेवर येणारी लाल बस. शाळेचे हेडमास्तर पन्नाशीचे. गावात सगळे त्यांना ‘मोठे सर’ म्हणत. मीही तेच म्हणतो. गणित शिकवायचे. खडू हातात आला की बोलण्यात एक शब्द फालतू नाही. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘अरे’ म्हणायला सुरुवात केली आणि मला नोकरी कायम झाल्यापेक्षा त्याचा आनंद जास्त झाला.

आमची जवळीक वाढली ती एका अडचणीतून. मोठे सर जन्मले, शिकले ते मुंबई राज्यातल्या बेळगावात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं तेव्हा ते शाळकरी पोर होते. पुढचं शिक्षण कोल्हापूरला झालं. त्यामुळे कन्नड त्यांच्या वाट्याला आलं ते बाजारातलं, भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरतं. लिपी तर अजिबात नाही. कर्नाटकाचा राजभाषा कायदा १९६३ चा, आणि पुढे कचेऱ्यांतले कागद कन्नडमध्ये येत गेले. शाळेत परिपत्रक आलं की सरांच्या कपाळावर आठी पडायची. मी शहापूरच्या वाड्यात वाढलो. भिंतीला भिंत लावून कन्नड बिऱ्हाडं. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी भाषा शिकलो आणि शाळेत लिपी. तेव्हा चौथा तास सुटला की शिपाई यायचा, “सरांनी बोलावलंय.” टेबलावर दोन कप चहा आणि मध्ये परिपत्रक. मी वाचून सांगायचो, सर मराठीत उत्तर सांगायचे, मी ते कन्नडमध्ये उतरवायचो, सर खाली सही करायचे. सही मात्र मराठीत, वळणदार. सहा वर्षं हे चाललं. शाळेचं अनुदान, शिक्षकांच्या मान्यता, परीक्षेचे अर्ज, सगळे कागद त्या दोन कपांमधून गेले.

१९९८ च्या उन्हाळी सुट्टीनंतर शाळा भरली आणि माझ्या ध्यानात आलं की शिपाई येत नाही. मार्चपासूनच येत नव्हता. पण परीक्षांच्या धांदलीत मला ते जाणवलं नव्हतं. परिपत्रकं आता कारकुनाकडे जात होती. आठ दिवसांनी वेळापत्रक लागलं. त्यात माझं दहावीचं मराठी काढून घेतलेलं. सहा वर्षं मी दहावीला मराठी शिकवत होतो. कर्नाटकात तेव्हा या पहिल्या भाषेचा पेपर सव्वाशे गुणांचा असायचा, आणि माझी मुलं त्यात कधी मागं पडली नव्हती. त्या जागी मला आठवीचे तास, तेही शेवटचे, मुलं पेंगतात त्या वेळचे. मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “आपल्याला काही अडचण आहे का?”

‘आपल्याला’! मी “नाही सर” म्हणालो आणि बाहेर आलो. व्हरांड्यात पागोळ्या गळत होत्या. त्याखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे.

ज्याच्यावर हा प्रसंग आला असेल त्याला पुढचं सांगायला नको. साहेब ओरडला तर बरं असतं. निदान कशाबद्दल ओरडला ते कळतं. पण काही न बोलता त्यानं नजर काढून घेतली की माणूस स्वतःच आरोपी होतो, आणि स्वतःच वकील. मी रात्री पडल्या पडल्या गेल्या वर्षाची पानं उलटायचो. सरांच्या मुलीच्या लग्नात मी जेवून लवकर निघालो होतो. सहलीच्या हिशेबात सव्वा रुपयाचा फरक आला होता. संस्थेच्या चेअरमनांनी एकदा माझी पाठ थोपटली होती, ते सरांनी पाहिलं असेल काय? एकेक गुन्हा उकरून काढायचा, त्याची शिक्षा एवढी मोठी नसावी असं ठरवायचं आणि दुसरा शोधायचा. सौ. म्हणायची, “झोपा आता. सकाळची बस चुकेल.”

मग मी उपाय सुरू केले. आज आठवलं की हसू येतं, पण तेव्हा ते मला फार शहाणपणाचे वाटत होते. पहिला उपाय लाघवीपणाचा. सरांनी न सांगता मी ग्रंथालयाची यादी नवी केली, शनिवारी थांबून दाखल्यांचं रजिस्टर लिहून काढलं, श्रावणात घरी सत्यनारायण झाला तेव्हा डबा भरून कुंदा नेऊन दिला. सर म्हणाले, “धन्यवाद. आपण उगाच त्रास घेतलात.” डबा घासूनपुसून दुसऱ्या दिवशी परत आला. आमच्याकडे डबा रिकामा परत पाठवत नाहीत; निदान चार साखरेचे दाणे घालतात. तो डबा रिकामा होता.

दुसरा उपाय स्टाफरूमचा. आपल्यावर अन्याय झालाय हे ऐकून घ्यायला माणसं कुठंही मिळतात, शाळेत तर जास्तच. कुणी म्हणालं, सरांना तुमच्या लोकप्रियतेचा मत्सर. कुणी म्हणालं, त्यांच्या भाच्याला दहावी द्यायचीय. कुणी नुसतंच “मी म्हणत नव्हतो?” असं म्हणून भुवया उडवल्या. मला चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी माझंच एक वाक्य, तिखटमीठ लावलेलं, सरांच्या खोलीपर्यंत जाऊन पोचल्याचं कळलं. ते वाक्य मी बोललो होतो हे खरं होतं आणि तेच वाईट होतं. साहेबाची नजर फिरली असताना सहकाऱ्यांत बसून त्याची उणीदुणी काढणं म्हणजे गळक्या छपराला काठीनं ढोसणं. आधी एकाच जागी गळत असतं, मग चार जागी गळायला लागतं.

तिसरा उपाय रुसव्याचा. मी सरांशी बोलणंच बंद केलं. रजा हवी तर अर्ज शिपायाकडून पाठवायचा, मस्टरवर सही करायची ती सर खोलीत नसताना. आठवीचे तास मी घेत होतो, पण मन लावून नव्हे. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण त्या चाळीस पोरांचा या भांडणाशी काहीच संबंध नव्हता. एके दिवशी एका मुलानं विचारलं, “सर, तुम्हाला बरं नाही काय?” त्याला वाटलं, मी आजारी आहे. तसा मी होतोच म्हणायचा.

डिसेंबरात मी संस्थेला बदलीचा अर्ज लिहिला. संस्थेची दुसरी शाळा खानापूर तालुक्यात होती; घरापासून दीड तास लांब. पण मनाची तयारी झाली होती. सौ.ला अर्ज वाचून दाखवला. भाषा उत्तम साधली होती, एम.ए. मराठीचा उपयोग झाला होता. तिनं सगळा ऐकला. हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “यात तुमची बाजू आहे, संस्थेची आहे. सरांना तुम्ही विचारलंत, असं कुठंच नाही.”

“विचारायचं काय? दिसतंय की सगळं.”

“काय दिसतंय? चहा बंद झाला, तास गेले. का, ते दिसलंय का?”

खरंच, सहा महिने मी सगळं केलं होतं. विचारलं तेवढं नव्हतं. विचारायला धीर लागतो, कारण उत्तर येऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थांबलो. शिपाई खिडक्या लावत होता. सर एकटेच होते. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो. ‘माझ्यावर अन्याय’ हे शब्द येऊ द्यायचे नाहीत असं ठरवलं होतं. म्हणालो, “सर, मार्चपासून आपल्या दोघांत काहीतरी बिघडलंय. माझं काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही. तुम्ही सांगितलं नाही तर मी ते पुन्हा करीन. म्हणून विचारायला आलो.”

सर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, “फेब्रुवारीतली तपासणी आठवते?”

तपासणी आठवत होती. शिक्षण खात्याचे अधिकारी आले होते. फाटकापाशी आम्ही सगळे उभे. सर हात जोडून पुढे झाले आणि त्यांना येत होतं त्या कन्नडमध्ये म्हणाले, “बा साहेब, बा.” मी बाजूला उभा होतो. हसत म्हणालो, “सर, ‘बा’ नव्हे, ‘बर्री’ म्हणायचं. ‘बा’ म्हणजे ‘ये रे’!” अधिकारी मोकळेपणानं हसले. शिक्षक हसले, कारकून हसला, रांगेत उभी असलेली दहावीची पोरंही हसली. मला तर वाटलं होतं, वातावरण कसं छान खेळीमेळीचं झालं.

“पुढं खोलीत बसल्यावर,” सर म्हणाले, “साहेब मला म्हणाले, तुमची पत्रं फार चांगली असतात, पण ती हे लिहितात हे आज समजलं. मग सगळं बोलणं तुझ्याशीच केलं. मी माझ्याच खोलीत पाव्हण्यासारखा बसलो होतो. तीस वर्षं झाली या शाळेत.” थोडं थांबून म्हणाले, “तेव्हापासून मीही शिकलो, कुणाला काय म्हणावं ते.”

मला तोंड उघडता येईना. सहा महिन्यांत मी सगळे गुन्हे तपासले होते. हा यादीतच नव्हता. आपल्याला ज्याची किंमत पडत नाही ते आपल्या लक्षात राहत नाही. ज्याला पडते तो विसरत नाही. आणि गंमत अशी की ज्या गुणामुळे मी सरांना जवळचा झालो, तोच गुण त्यांना टोचला. बंद खोलीत दोन कपांच्या मधे होती तोवर ती मदत होती. फाटकापाशी आणून मांडल्यावर ती त्यांची उणीव झाली. मी एवढंच म्हणालो, “सर, चुकलो. चारचौघांत बोलायला नको होतं.” ते म्हणाले, “चूक तू दुरुस्त केलीस, ते बरोबरच होतं. पण...” आणि पुढचं बोलले नाहीत. ‘तू’ म्हणाले होते, हे मला बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण दहावी मला त्या वर्षी परत मिळाली नाही. चहाही पूर्वीसारखा रोजचा झाला नाही. जानेवारीत एकदा शिपाई आला. गेलो तर सरांच्या पुढ्यात परिपत्रक आणि शेजारी कन्नड बाराखडीचं लहान मुलांचं पुस्तक. अक्षरांखाली बोट ठेवून सर वाचत होते. मला म्हणाले, “एवढा एक शब्द सांग.” मी सांगितला. “बस्स, जा आता.” निवृत्तीपर्यंत, म्हणजे २००० सालापर्यंत, ते मला असाच एखादा शब्द विचारत राहिले. पूर्ण पत्र त्यांनी पुन्हा कधी लिहून घेतलं नाही. मला ते बदललेलं नातं पहिल्यापेक्षा कमी वाटलं नाही. बदलीचा अर्ज मी फाडून टाकला.

महाभारताच्या वनपर्वात एक प्रसंग आहे. पांडव वनात गेल्यावर विदुरानं धृतराष्ट्राला नेहमीप्रमाणे स्पष्ट सांगितलं. धृतराष्ट्र चिडला आणि वाटेल तिकडे जा म्हणाला. विदुर काम्यक वनात पांडवांकडे गेला. मग धृतराष्ट्रालाच राहवेना. त्यानं संजयाला पाठवून भावाला परत बोलावलं, मांडीवर घेतलं, क्षमा मागितली. आणि विदुरानं मनात काही न ठेवता पुन्हा काम सुरू केलं. वर्गात हे शिकवताना मुलं विचारतात, विदुर परत का आला? पूर्वी मी त्याच्या निष्ठेविषयी बोलायचो. आता सांगतो की धृतराष्ट्राचा राग आणि धृतराष्ट्राची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विदुराला माहीत होतं. साहेबाच्या रागामागं पुष्कळदा आपली चूक नसते. आपल्यावाचून त्याचं चालत नाही, याची त्याला वाटणारी भीती असते.

पण एक फरक मी तरुण शिक्षकांना नेहमी सांगतो. रुसवा वेगळा आणि अन्याय वेगळा. साहेबानं चहा बंद केला, तास बदलले, तर विचारावं, थांबावं, आपलं काम चोख ठेवावं. पण पगार अडवला, गोपनीय अहवालात खोटं लिहिलं, चारचौघांत अपमान केला, तर तिथं गप्प बसणं हा शहाणपणा नव्हे. तारीख घालून लेखी द्यावं, पोच घ्यावी, वर दाद मागावी. आणि कधी कधी कारण आपल्यात अजिबात नसतं. साहेबाच्या घरचं दुखणं असतं किंवा त्याच्या वरच्याचा दाब असतो. म्हणूनच विचारल्याशिवाय निकाल लावू नये.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही गेल्या वर्षी जे घडलं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आता मी स्वतः हेडमास्तर आहे. दुसऱ्या शाळेत, पण त्याच टापूत. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. हल्ली परिपत्रकं मोबाइलवर येतात आणि मुलांची सगळी माहिती ऑनलाइन भरावी लागते, एस.ए.टी.एस., यू-डायस ही नावं आमच्या तोंडी देवांच्या नावांइतकी झाली आहेत. माझे हात तिथं चालत नाहीत. शाळेत विज्ञान शिकवणारी एक बाई आहे, माझीच जुनी विद्यार्थिनी. मी तिला “अगं” म्हणतो. ती सगळं भरते. मधल्या सुट्टीत चहा मागवायचा, ती भरत जायची, मी शेजारी बसून नावं वाचून दाखवायचो.

गेल्या वर्षी खात्याची ऑनलाइन बैठक होती. तालुक्यातले सगळे हेडमास्तर पडद्यावर. मी आमच्या निकालाविषयी चांगलं पाच मिनिटं बोललो. शेवटी ती मागून मोठ्यानं म्हणाली, “सर, माइक बंदच होता!” आणि हात पुढं करून तिनं तो चालू केला, तेव्हा सगळ्या तालुक्याला तिचं हसू ऐकू गेलं. पुढच्या महिन्यापासून कचेरीतून फोन तिलाच यायला लागले.

माझं काही बिनसलं असं मला वाटलंच नाही. कामं खूप होती एवढंच. मग एका दुपारी शिपायानं दारातून विचारलं, “सर, चा एकच सांगू काय? हल्ली एकच लागतोय म्हणून इचारलो.” मी आठवून पाहिलं. तीन महिने झाले होते. त्याच सकाळी व्हरांड्यात मी तिला म्हणालो होतो, “मॅडम, आपण ती माहिती वेळेत पाठवावी.”

माझ्या कानांत पागोळ्यांचा आवाज आला.

“दोन सांग,” मी म्हणालो, “आणि तिला बोलाव.”

ती आली, दाराशीच उभी राहिली. मोठ्या सरांनी पेपरवेट का फिरवला असेल ते मला तेव्हा समजलं. टेबलाच्या त्या बाजूनं विचारणं अवघड असतं. या बाजूनं सांगणं त्याहून अवघड. मी सांगितलं. माइकचं सांगितलं, फोनचं सांगितलं, मला वाईट वाटलं हेही सांगितलं. वाटलं होतं, ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, “सर, तीन महिने मला धड झोप नाही. मला वाटलं, बाळंतपणाच्या रजेचं विचारलं म्हणून तुम्ही रागावलात.”

ती रजा मी त्याच दिवशी मंजूर करून विसरूनही गेलो होतो. ती मात्र रोज रात्री तेच पान उलटत होती.

चहा आला. मी म्हणालो, “आता तू रजेवर गेलीस की मला हे कोण भरून देणार? शिकव मला.” तिनं खुर्ची ओढली. पासवर्ड टाकताना मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा ती उठली, खोलीचं दार लोटून आली आणि हळूच म्हणाली, “सर, पहिलं अक्षर कॅपिटल.”